मन्मथअप्पांची पात्रयोजना

शिवलेलं पुस्तक मी घरी उसवलं, शेवटचं प्रकरण चोरून वाचलं, आणि बायकोकडून परत शिवून घेतलं ते हिरव्या दोऱ्यानं. आधीचा दोरा पांढरा होता.

हे पुस्तक मी ज्यांच्यासमोर निष्पाप चेहऱ्यानं नेऊन ठेवलं, ते मन्मथअप्पा एकतीस वर्षं केजच्या कोर्टात बेलिफ होते. बेलिफ म्हणजे कोर्टाचं समन्स घेऊन गावोगाव, वस्त्यावस्त्यांवर जाणारा, ते ज्याचं त्याच्या हातात देऊन सही नाहीतर अंगठा घेणारा माणूस. "मालक घरात न्हाईत" असं खुद्द मालकच दारात उभं राहून सांगतो, तेव्हा काही न बोलता त्याच्याकडं बघत राहायचं, हे त्यांचं रोजचं काम. अशा माणसाला फसवायला मी निघालो होतो, तेही बायकोच्या ब्लाउजातून उरलेल्या दोऱ्याच्या भरवशावर.

पण पुस्तक शिवलेलं का होतं, हे आधी सांगायला हवं.

आम्ही चौघं होतो. मन्मथअप्पा. बाजारपेठेत दुकान असलेले लतीफभाई टेलर. वाचनालयाच्या ग्रंथपाल शोभाताई. आणि मी, दिगंबर, ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक. काचेच्या नळ्या फोडण्यात माझा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. चौघांना एकच नाद, रहस्यकथांचा. वाचनालयात मागच्या भिंतीला एक लोखंडी कपाट होतं. त्यात जुन्या रहस्यकादंबऱ्या होत्या, बऱ्याचशा कव्हर नसलेल्या, काहींची पहिली चार पानं उंदरांनी खाल्लेली. बाकी लोक वाचनालयात यायचे ते पेपर वाचायला नाहीतर स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मागायला. मागच्या कपाटाकडं जाणारे आम्ही चौघंच, त्यामुळं ओळख होणं भागच होतं.

ओळख झाली आणि भांडणं सुरू झाली. शोभाताईंना शेवटचं पान आधी वाचायची खोड. "मला ताण सोसत नाही हो," असं म्हणायच्या, आणि मग आपण पुस्तक घेऊन निघालो की टेबलामागून अशा काही हसायच्या की पुस्तकावरचा विश्वासच उडायचा. एकदा लतीफभाईंनी अप्पांच्या हातातल्या पुस्तकाकडं बघून नुसतं विचारलं, "वो मामा अच्छा आदमी लगता ना?" आणि शोभाताई म्हणाल्या, "शेवटपर्यंत वाटतो." झालं. अप्पा त्या वेळी साठाव्या पानावर होते.

अप्पा चिडले नाहीत. पुस्तक मिटलं आणि लतीफभाईंकडं बघितलं. "लतीफभाई, पाटलोन ट्रायलला देताना तुमी ते कच्चं शिवताव बगा. तसं ह्याला शिवता येतं का?"

लतीफभाईंनी जाडी सुई काढली. शेवटच्या प्रकरणाची पानं एकत्र धरून कडेनं लांब लांब टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि पुस्तक शोभाताईंपुढं ठेवलं. "लो ताई. अब खोलके दिखाओ."

शोभाताई म्हणाल्या, वाचनालयाच्या पुस्तकांना भोकं पाडता येत नाहीत, वर कळवावं लागेल. त्यांनी कळवलं नाही. पुढच्या आठवड्यात स्वतःच दोन पुस्तकं घेऊन लतीफभाईंच्या दुकानात आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ही पण शिवा. माझ्या हातून राहवत नाही."

तेव्हापासून रीत पडली. पुस्तक निवडलं की शेवट शिवायचा. चौघांनी आळीपाळीनं शिलाईपर्यंत वाचायचं. सगळ्यांचं झालं की बाजाराच्या दिवशी दुपारी लतीफभाईंच्या दुकानातल्या बाकावर बसायचं, प्रत्येकानं आपला खुनी सांगायचा, आणि मग अप्पा कात्रीनं टाके कापून शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचणार. पण कात्री लावायच्या आधी एक मोठं काम असायचं, आणि खरं सांगायचं तर आम्ही जमायचो ते त्यासाठीच. ह्या पुस्तकाचा पिक्चर निघाला तर त्यात कोण कोण घ्यायचं, ते ठरवायचं.

पिक्चर निघणार याबद्दल अप्पांना शंका नव्हती. "आज न्हाई तर उद्या कुनीतरी काढंल. तवा मानसं हुडकत बसायचं का?" आणि माणसं म्हणजे नट नव्हेत. नट त्यांना चालायचे नाहीत. लतीफभाईंचा जीव मुंबईच्या हिरोत अडकलेला. ते कळवळून म्हणायचे, "अप्पा, हिरो नको बोले तो पिच्चर कौन देखींगा?" शोभाताईंना विधवा सुनेच्या कामाला कायम टीव्हीवरची कुणीतरी हवी असायची. अप्पा दोघांचं ऐकून घ्यायचे, कपाळावरचं भस्म बोटानं सारखं करायचे आणि म्हणायचे, "नट आरशात बघून येतो. दार उघडणारा मानूस आरशात बघून येत न्हाई."

हे त्यांचं शास्त्र होतं. अप्पांना आयुष्यात जे कळलं ते दारात उभं राहून कळलं. पायात कायम चपला, कारण बुटाचा आवाज माणसाच्या आधी घरात पोचतो. लुना शंभर पावलं अलीकडं लावायची. दारावर तीनदा टकटक करायचं आणि दोन पावलं मागं सरायचं, म्हणजे उघडणाऱ्याचा चेहरा पुरा दिसतो. "कोर्टाचा कागद बघितल्यावर सगळ्यायची तोंडं सारकीच होत्यात," ते म्हणायचे. "त्याच्या आधीचं एक पळ आसतं. कोन आलं म्हनून मानूस बघतो तेवडं. तेवड्यात त्यो खरा आसतो." एकतीस वर्षांत केज तालुक्यातली किती दारं त्यांच्यासमोर उघडली असतील! ती सगळी तोंडं त्यांच्या डोक्यात होती, आणि पुस्तक वाचताना पात्रं आपोआप त्या तोंडांनी बोलायला लागायची.

त्यांचं लाडकं पुस्तक होतं ‘डाकबंगल्यातली पाचवी खुर्ची’. लेखक कोण ते देव जाणे, कव्हरच नव्हतं. घाटातल्या डाकबंगल्यात चार पाहुणे अडकतात, जेवणाच्या टेबलाला पाच खुर्च्या मांडलेल्या असतात, आणि सकाळी इंजिनियर मेलेला सापडतो. हे आम्ही तीनदा वाचलं. शेवट माहीत असून लतीफभाई दर वेळी शिवायचे, न शिवता वाचलं तर चव लागत नाही म्हणून. अप्पांनी त्यात धारूरचा एक आचारी खानसामा म्हणून घेतला होता. "त्याला समन्स द्यायला गेलतो. दार उघडलं, हातात पळी. मला बघून आदी पळीकडं बघितलं, मंग माज्याकडं. खानसामा म्हंजी त्यो." डाकबंगल्यात रडत बसणाऱ्या बाईच्या कामाला होळच्या एका मास्तरीणबाई होत्या. त्या कधी रडणाऱ्यातल्या नव्हत्या असं शोभाताईंनी सांगून पाहिलं. अप्पा म्हणाले, "म्हनून तर. रडू न येनारी बाई रडायला लागली की पिच्चरमदी सगळे गप बसत्यात."

यादी कुठंही लिहिलेली नव्हती. सतरा पुस्तकांची पात्रयोजना त्यांना तोंडपाठ होती. त्यात आख्खा तालुका होता. लतीफभाई एका पुस्तकात सरकारी वकील होते, शोभाताई दोन ठिकाणी होत्या, एकदा तर विष घालणारी मावशी म्हणून, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

फक्त मी कुठंच नव्हतो. दर बैठकीत मी वाट बघायचो. माळी गेला, डॉक्टर गेला, टपालवाला गेला, दुसऱ्या प्रकरणात एकदाच शिंकणारा प्रवासीसुद्धा गेला, तो अंबाजोगाईच्या एका कंपाउंडरला मिळाला. ‘पाचव्या खुर्ची’तला गुप्तहेर मात्र रिकामा होता. त्या जागेवर माझा डोळा होता. पोरांना, बायकोला सांगण्यासारखं माझ्या आयुष्यात दुसरं काही घडत नव्हतं, हेही एक कारण असेल.

"अप्पा, मी?" मी विचारायचो.

"तुज्या दारात मी कदी आलो न्हाई बे दिग्या. तुजं खरं तोंड मला कुठं म्हायीत हाय?"

मधे एकदा मी माझ्या तोंडानं आम्हा सगळ्यांना गोत्यात आणलं. ‘पाचव्या खुर्ची’तला खुनी म्हणून अप्पांनी आमच्याकडचे एक माजी सभापती घेतले होते. चहाच्या टपरीवर त्यांचा ड्रायव्हर भेटला. मला वाटलं, ही तर आनंदाची बातमी. सांगून टाकली. पुढच्या बाजारी भरदुपारी दुकानासमोर पांढरी गाडी उभी राहिली आणि दोन कार्यकर्ते आत आले.

"साहेबाला खुनी केलाव म्हनं. कोन हाय त्यो पिच्चरवाला?"

लतीफभाई एकच कापड दुसऱ्यांदा मोजायला लागले. शोभाताईंनी पिशवी उचलली. मी बाकाखाली पडलेलं बटण शोधत होतो. ते सापडू नये अशीच माझी इच्छा होती. अप्पा उठले. "चला. साहेबाचं दार मला म्हायीत हाय." जाताना माझी कॉलर धरून मला बाकाखालून वर काढलं आणि सोबत घेतलं.

दार सताड उघडं होतं, तरी अप्पांनी त्यावर तीनदा टकटक केलं आणि दोन पावलं मागं सरले. साहेब बाहेर आले.

"अप्पा, मी खुनी?"

"हाव साहेब."

"कावून?"

"आख्ख्या पुस्तकात सगळ्यात हुशार त्योच हाय. दोनशे पानं सगळ्यायच्या मदी बसून च्या पितो. सगळे त्यालाच इचारून करत्यात. आन कुनाला वास न्हाई."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. कार्यकर्त्यांकडं बघितलं. ते आधीच हसायला लागले होते.

"आन पकडतं कोन मला?"

"एक गुप्तहेर हाय साहेब. त्यो अजून ठरला न्हाई."

"ठरवू नका," साहेब म्हणाले. "बसा. च्या घ्या."

परत येताना मी म्हटलं, "अप्पा, आता साहेबांनीच सांगितलं ठरवू नका म्हणून. म्हणजे माझं गेलंच." अप्पा लुना हातात धरून चालत होते. त्यांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात मी म्हणालो, "निदान त्याचा मदतनीस तरी?" ते काय बोलणार होते ते राहिलंच. असं माझ्यामुळं त्यांचं बरंच राहून गेलं.

मग मी ठरवलं की समन्स मिळवायचंच. आमच्या गल्लीत शेजाऱ्यांचं शेळीवरून वाजलं. एकाची शेळी दुसऱ्याच्या परसात शिरून भाजी खाऊन गेली, काठ्या निघाल्या, डोकं फुटलं, केस झाली. असल्या भांडणात आमच्याकडं कुणालाच काही दिसलेलं नसतं. सगळी गल्ली त्या दिवशी लग्नाला गेलेली असते. मी मात्र हवालदाराला गाठून सांगितलं, मी सगळं बघितलंय, साक्षीदारात माझं नाव घाला. हवालदारानं दोनदा विचारलं, "नक्की का?"

आठ महिन्यांनी समन्स निघालं. कोणत्या दिवशी येणार ते कोर्टातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी काढून ठेवलं होतं. सकाळपासून तेल लावून केस बसवले, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि आरशासमोर उभा राहून डावी भुवई एकटी वर जाते का ते बघत बसलो. तीनदा टकटक झाली. मी सावकाश, गूढपणे दार उघडलं.

अप्पा दोन पावलं मागं उभे. खूप वेळ बघत राहिले.

"कुठं लग्नाला निगालास का बे?"

"नाही अप्पा. असंच घरी होतो."

"सही कर हितं."

मी सही केली. "मग? जमतंय का?"

"काय जमतंय? धा मिंटं झाली मला यून. खिडकीतून बघायलो तुजी भुवई. हासून हासून भिंत धरली मी." कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. चार पावलं गेले, परत आले, आणि म्हणाले, "वैनीला म्हनावं च्या ठेवा. हासून घसा वाळलाय."

मला नऊ तारखांना कोर्टात जावं लागलं. मधल्या काळात शेळी मेली, शेजाऱ्यांनी आपसात मिटवून घेतलं, आणि आता दोघांपैकी कुणीच माझ्याशी बोलत नाही.

तर आता तो हिरवा दोरा. नवीन पुस्तक होतं, कुणाचंच वाचलेलं नाही. मी मनात म्हटलं, तोंड बघून काम मिळत नाही तर डोकं दाखवू. शेवट आधी वाचायचा, मग अकरा कारणं देऊन खुनी सिद्ध करायचा. अप्पा थक्क होतील आणि गुप्तहेराची जागा मला देतील. बायकोला शिवायला दिलं तेव्हा तिनं विचारलं, "पुस्तकाला तुरपाई कशाला?" मी म्हटलं, "शास्त्रीय कारण आहे."

बैठकीत मी सगळ्यात शेवटी बोललो. अकरा कारणं दिली. दिव्याची वात, मोडलेली छत्री, जावयाचा डावखुरेपणा, काही सोडलं नाही. लतीफभाई म्हणाले, "माशाल्ला." शोभाताई माझ्याकडं जरा चमत्कारिक बघत होत्या, त्या क्षेत्रात त्यांचा अनुभव मोठा. अप्पांनी कात्री घेतली, पुस्तक उजेडात धरलं आणि कात्री परत खाली ठेवली.

"लतीफभाई, हिरवा दोरा कावून?"

लतीफभाईंनी चष्मा वर करून पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "अप्पा, ये मेरा टाका नै. ये घर के औरत के हात का है. कित्ता साफ है देखो."

माझ्या घरची बाई नीट शिवते, ही माझी चूक नव्हे. अप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांचा चेहरा नुसता उतरला, आपलं काहीतरी रस्त्यात पडून गेल्यावर उतरतो तसा.

"तुला सांगतो दिग्या," ते म्हणाले. "मला बी रातच्याला वाटतं, उसवावं. कोर्टाचा बेलिफ हाय मी, मला कोन इचारनार? पन मंग ह्या बाकावर बसून करायचं काय?"

शिक्षा त्यांनी तिथंच सुनावली. पुढची चार पुस्तकं मी वाचायची, खुनी सांगायचा, पात्रयोजनेत बोलायचं. शेवटचं प्रकरण वाचायच्या वेळी मात्र उठायचं आणि समोरच्या सायकलच्या दुकानापुढं जाऊन बसायचं. कुणी मला शेवट सांगायचा नाही. शोभाताईंना दोनदा शपथ घालावी लागली.

त्या चार दुपारी मी सायकलवाल्याच्या फळकुटावर बसून रस्त्यापलीकडं बघत होतो. गाडे, बैलं, शेंगांची पोती मधून जायची, आणि त्यांच्या फटीतून अप्पा दिसायचे. आवाज यायचा नाही. पुस्तक एका हातात लांब धरलेलं, दुसरा हात वाचता वाचता वर जाणारा. मग एकदम लतीफभाई मांडीवर थाप मारायचे, शोभाताई तोंडावर पदर घ्यायच्या, आणि अप्पा पुस्तकावरून मान वर करून रस्त्यापलीकडं माझ्याकडं बघायचे. मी ऐकायला तिथं नाही याचं त्यांना माझ्याइतकंच वाईट वाटत असावं. शिक्षा मात्र त्यांनी एका पुस्तकानंसुद्धा कमी केली नाही. त्या चार पुस्तकांचे खुनी मला अजून माहीत नाहीत. वाचनालयात जाऊन वाचता आलं असतं. नाही वाचलं.

आता तो बाक नाही. लतीफभाई मुलाकडं परभणीला गेले, त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. शोभाताई निवृत्त होऊन लातूरला राहतात. व्हॉट्सॲपवर मला मालिकांची नावं पाठवतात, "ही नक्की बघा, मेहुण्यानं केलेलं असतं," असं एकाच ओळीत. मी बघतो. रहस्यकथांच्या मालिका आता फोनवर वाटेल तितक्या आहेत, एकाहून एक गुळगुळीत चेहऱ्यांच्या. बघताना मी मधेच थांबवतो आणि मोठ्यानं म्हणतो, ह्या इन्स्पेक्टरच्या जागी नांदूरचा तो पोलीस पाटील काय शोभला असता! बायको आतून विचारते, "कुणाशी बोलताय?" कुणाशीच नाही. हे ऐकून "न्हाई बे, त्यो न्हाई, त्याचा थोरला भाऊ" असं म्हणणारा माणूस बाजूला असायला हवा.

अप्पांचं विसरणं पहिल्यांदा कळलं ते असं. निवृत्त होऊन त्यांना आठेक वर्षं झाली असतील. अप्पी, म्हणजे त्यांची बायको, त्याआधीच गेलेल्या. एक दिवस सकाळी ते लुना घेऊन निघाले आणि दहा-बारा मैलांवरच्या एका वस्तीवर गेले. लुना शंभर पावलं अलीकडं लावली. तीनदा टकटक केली, दोन पावलं मागं सरले. दार उघडणाऱ्यानं त्यांना ओळखलं. अप्पा त्याच्याकडं बघत उभे राहिले आणि मग पिशवीत हात घातला. पिशवी रिकामी होती. ते परत परत हात घालत राहिले. त्या माणसानं त्यांना बाजेवर बसवलं, चहा दिला आणि आम्हाला फोन केला. न्यायला मीच गेलो. येताना माझ्या मोटारसायकलवर मागं बसून म्हणाले, "दिग्या, कागद कुठं पडला रे?" मी म्हटलं, "पोचला अप्पा, सही झाली." तोवर माझं एवढंच एक खोटं त्यांनी पकडलं नव्हतं.

मग मुलगी सुनंदा त्यांना अंबाजोगाईला घेऊन गेली. ती तिथं नर्स आहे. फोनवर ती सांगायची, आज मला ओळखलं, आज नाही. मी जाईन जाईन म्हणत राहिलो. खरं कारण भीती. शेवटी मागच्या हिवाळ्यात काळ्या-पिवळ्या जीपमध्ये मागं कोंबून घेऊन गेलो.

सुनंदानं बजावलं होतं, "काका, ओळखलं का असं विचारू नका. ते घाबरतात." मी पत्ता शोधत पोचलो तेव्हा ती औषध आणायला कोपऱ्यावर गेली होती. मी दार वाजवलं. दार अप्पांनी उघडलं.

जन्मभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यात ते जे पळ शोधत आले, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कोण आलं म्हणून ते बघत होते. खूप बारीक झालेले, भस्म मात्र ठसठशीत. बघता बघता काहीतरी आठवेल म्हणून मी तसाच उभा राहिलो. काही आठवलं नाही.

"या," ते म्हणाले. "बसा तुमी. सुनंदा यील आता."

जन्मात मला त्यांनी ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. मी बसलो. बसल्या बसल्या विचारलं, "काय वाचन वगैरे?"

"अक्षर दिसंना की हो. पन एक पुस्तक हाय. डाकबंगल्यातली पाचवी खुर्ची. वाचलंव का?"

"नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी ऐकत राहिलो. घाट, डाकबंगला, पाच खुर्च्या. कुठं अडखळले नाहीत. पिक्चर निघणार हाय त्याच्यावर, म्हणाले. खानसामा धारूरचा. मास्तरीणबाई होळच्या. एकेकाचं दार, दाराचा रंग, उंबऱ्यापाशी झोपलेलं कुत्रं, सगळं जागच्या जागी होतं. त्यांचा हात बोलता बोलता वर जात होता.

"आन गुप्तहेर?" मी मधेच विचारलं. विचारायला नको होतं, पण मी मी आहे.

"त्यो लई आदीच ठरलाय. कुनाला सांगितला न्हाई मी." ते पुढं झुकले. "आमच्या केजला दिगंबर म्हनून हाय एक."

"का? म्हणजे, कावून तोच?"

"बोलू तर द्या मला. त्या मानसाच्या पोटात काय बी राहत न्हाई. आसला मानूस समोर बसला की लबाडाला बी खरं बोलायची लाज वाटत न्हाई. बाकीचे गुप्तहेर लई हुशार आसत्यात, त्यायच्यासमोर कोन बोलंल? मी दिलं आसतं त्याला सांगून, पन सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशीपासून आलाच नसता. काम मिळाल्यावर यायचं कशाला? दर बाजारी यायचा, मी? मी? करायचा. ग्वाड वाटायचं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमी बी सांगू नका त्याला. फुगतं ते."

सुनंदा दारात येऊन उभी राहिली होती, हातात औषधाची पिशवी. तिनं मान हलवून मला नको म्हणून खुणावलं. ते दिसूनही मी बोललो.

"अप्पा, मीच दिगंबर."

अप्पांनी हात काढून घेतला. खुर्ची जरा मागं सरकवली आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं; वरपासून खालपर्यंत, पुन्हा वर. मी डावी भुवईसुद्धा हलवली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "त्यो येगळा. तुमाला फार तर मढ्याचं काम देता यील. पन ते बी नगं. पैल्या सीनलाच तुमी उठून बसताल आन इचारताल, मला मारलं कुनी?"